हिरव्या दुकानातलं शहर

त्या रविवारी बाप-लेकीचं भांडण झालं ते एका बससेवेवरून, आणि ती बससेवा जगात कुठेच धावत नव्हती.

झालं असं, की लेकीने बाबांसाठी नवा कॉम्प्युटर आणला. जुन्याची अवस्था अशी होती, की बाबा त्याचं बटण दाबून दाढी करायला जायचे आणि गुळगुळीत होऊन परत आले तरी पडद्यावर एक चक्र आपलं गरगरत असायचं. दाढी रोज इतकी निवांत होई की बाबा पूर्वीपेक्षा तरुण दिसायला लागले होते.

बाबा शहराच्या बससेवेत वेळापत्रक विभागात होते. कुठली बस कुठून केव्हा सुटली म्हणजे थांब्यावर माणूस ताटकळणार नाही, हा एकच विचार त्यांनी नोकरीभर केला. निवृत्त झाल्यावर तो विचार काही निवृत्त होईना. घरात दूध किती वाजता तापवावं, मोलकरणीने आधी कुठली खोली झाडली तर कोणाचा खोळंबा होणार नाही, यावर ते बोलायला लागले, तेव्हा आई हवालदिल झाली. अशात त्यांना एक गेम सापडला. सुरुवातीला नुसती रिकामी जमीन मिळायची. मग रस्ते आखा, वस्त्या वसवा आणि बस सोडा. इतर माणसं गेम खेळतात. बाबा ड्यूटीवर जायचे. जेवायला हाक मारली की आतून उत्तर यायचं, "सकाळची गर्दी ओसरू दे."

हा गेम त्यांनी इंटरनेटवरच्या एका दुकानातून घेतला होता. त्या दुकानाचं चिन्ह हिरवं, म्हणून घरात त्याचं नाव हिरवं दुकान. नव्या कॉम्प्युटरवर जे दुकान बसवून आलं होतं ते निळं. भांडण इथून सुरू झालं.

"यात माझा गेम टाक," बाबा म्हणाले.

"यात तो चालणार नाही बाबा. तुम्ही घेतलाय हिरव्या दुकानातून. हे निळं."

"मग?"

"मग इथे परत विकत घ्यावा लागेल."

"गेम तोच ना?"

"तोच."

"बनवणारा तोच?"

"तोच."

"आणि घेणारा मीच. म्हणजे मी एका दुकानातून छत्री घेतली आणि दुसऱ्या दुकानासमोरून चालायला लागलो, तर ती आपोआप मिटते का?"

लेकीचं वाचन दांडगं होतं. घरात तिच्या पुस्तकांनी दोन कपाटं वाकली होती. पण छत्रीचं उत्तर तिला कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं. "ते वेगळं असतं बाबा," एवढंच ती म्हणाली. ज्याला उत्तर येत नाही तो सुशिक्षित माणूस हे वाक्य म्हणतो.

"अगं, दे ना त्यांना काय हवं ते," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"माझ्या हातात नाहीये ते, आई!"

"मग कोणाच्या हातात आहे?"

हेही घरात कोणाला ठाऊक नव्हतं. "मी दोन्ही दुकानांना लिहिणार आहे," बाबांनी जाहीर केलं. "घेतलेली वस्तू मी परत घेणार नाही. आणि माझं शहर सोडून तर मी कुठेच येणार नाही. लोक थांब्यावर उभे आहेत तिथे." नवा कॉम्प्युटर खोक्यातच राहिला. संध्याकाळी बाबा नेहमीप्रमाणे लेकीला बसपर्यंत सोडायला खाली उतरले. बस वेळेवर आली. "बघ," बाबा म्हणाले, जणू ती त्यांनीच पाठवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत. झोपेतच झालं, डॉक्टर म्हणाले. त्यांना काही कळलंही नसेल.

लेकीने सगळं निभावलं. माणसांना बसायला खुर्च्या आणल्या, कार्यालयं पालथी घातली, आईची औषधं वेळेवर दिली. फक्त एक वाक्य तिने एकदाही उच्चारलं नाही. नातेवाइकांना कळवलं ते आतेभावाने. कोणी विचारलं, "वडील कसे आहेत?" तर ती म्हणायची, "आईला सध्या जरा एकटं वाटतं." विचारणारा मान हलवून पुढे जायचा आणि जिन्यात पोचल्यावर त्याच्या लक्षात यायचं, की आपल्याला उत्तर मिळालेलंच नाही.

काही आठवड्यांनी एका रविवारी तिने बाबांच्या टेबलावरची धूळ पुसता पुसता जुन्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. चक्र फिरलं. टेबल पुसून झालं, खिडक्या पुसून झाल्या, आणि अचानक पडद्यावर शहर उगवलं! नदी, दोन्ही काठांना घरं, वळणावळणाचे रस्ते, आणि त्यांवरून मुंग्यांसारख्या लगबगीने धावणाऱ्या लाल बस. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला मोठ्याने हसू आलं. "आई, ये लवकर! हे बघ!" आई पदराला हात पुसत आली, तेवढ्यात पडदा काळा झाला.

इथे अध्यक्षांचा प्रवेश झाला. अध्यक्ष म्हणजे समोरच्या दारातले काका. इमारतीच्या समितीच्या निवडणुकीत ते पडले होते, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही आणि शेजाऱ्यांनीही नाव बदललं नाही. कुठल्याही घरातून जराशी धावपळ ऐकू आली की ते पायजम्यावर दारात हजर होत.

"धूळ," कॉम्प्युटरकडे एक नजर टाकून अध्यक्ष म्हणाले. "शंभर टक्के धूळ. आमच्या पंख्याचं असंच झालं होतं. झाडायचं मशीन आणा. तोंड उलटं लावा आणि फुंकर मारा."

लेकीने नको म्हणेपर्यंत मशीन आलंही होतं. फुंकर बसली. कॉम्प्युटरच्या पोटातून धूळ निघाली, एक छोटा स्क्रू निघाला आणि शेवटी एक बारीक धूर निघाला.

"बघा, निघाला की नाही," अध्यक्ष म्हणाले. काय निघाला हे त्यांनी सांगितलं नाही.

दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या दिवशी आत टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, याचं काही होणार नाही. दार आपटत असेल तर अडकण म्हणून लावा."

पण लेकीने ते शहर पाहिलं होतं. बाबांनी वर्षानुवर्षं रोज सकाळी उठून बांधलेलं, रोज थोडं सुधारलेलं अख्खं शहर. ते कुठेतरी असणारच, ते आणायचंच, या कल्पनेने तिच्या अंगात जे वारं शिरलं ते काही केल्या निघेना. नवा कॉम्प्युटर खोक्यातून बाहेर आला. बाबांच्या तत्त्वाला मनातल्या मनात हात जोडून तिने निळ्या दुकानातून तोच गेम परत विकत घेतला. आई आणि ती शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसल्या. गेम डौलात सुरू झाला. पडद्यावर पसरलं एक विस्तीर्ण, हिरवंगार, ओसाड कुरण.

"शहर कुठाय?" आईने विचारलं.

"ते... आलं नाही अजून."

"बस चुकली असेल," आई म्हणाली. आई विनोद करते हे लेकीला नव्यानेच कळलं.

निळ्या दुकानाकडे मदतीसाठी एक यंत्र ठेवलं होतं. लेकीने आपली अडचण दोन परिच्छेदांत, विरामचिन्हांसकट लिहिली. यंत्राने उत्तर दिलं, "आपल्याला कुरण आवडलं का?" आणि खाली पाच तारे. तिने एकही तारा दिला नाही तेव्हा यंत्र वरमलं आणि म्हणालं, की गेम त्यांच्याकडून घेतला असला, तरी शहर जिथे बांधलं तिथल्याच दुकानात असणार. हिरव्यात विचारा.

हिरव्या दुकानाचा फोन फक्त कामाच्या वेळात लागायचा. लेक एका कानाच्या दवाखान्यात श्रवणतपासणी करायची. तिथे आवाजबंद काचेची एक खोली असते. माणसाला आत बसवून कानाला हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे, ऐकू आला की त्याने हात वर करायचा. शांततेसाठी जगात याहून चांगली जागा नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत लेक स्वतःच त्या खोलीत शिरली, दार लावलं आणि फोन लावला.

"नमस्कार मॅडम! सांगा, काय मदत करू?" फोनवरची बाई इतकी उत्साही होती की लेकीलाही चेव चढला. तिने एका दमात सगळं सांगितलं: गेम, दुकानं, धूर, कुरण.

"अहो, शहर सुखरूप आहे की!" बाई म्हणाली. "आमच्याकडे साठवलेलं असतं सगळं. मला इथे दिसतंय. अगदी वस्त्या, थांबे, सगळं."

लेकीने आनंदाने हात वर केला. काचेबाहेर तपासणीसाठी ताटकळलेले एक आजोबा बसले होते. त्यांना वाटलं आता असंच करायचं असतं, म्हणून त्यांनीही केला.

"पण माझ्या मशीनवर निळं दुकान आहे हो," लेक म्हणाली. "हिरव्यातला गेम निळ्यात चालत नाही ना?"

"नाहीच चालत. निळ्यातला आमच्यात नाही, आमचा निळ्यात नाही."

"मग?"

"मग काय? आमचंही दुकान बसवा ना त्याच मशीनवर! फुकट असतं. दोन्ही दुकानं एका घरात गुण्यागोविंदाने नांदतात. लोकांच्या मशीनवर चार-चार असतात, मॅडम."

त्या रविवारी एवढंच करायचं होतं. एवढ्याशा गोष्टीवरून भांडण, छत्री, निषेध, खोकं. एका मशीनला एकच दुकान, हे तिला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. तिने ते ठामपणे सांगितलं होतं आणि बाबांनी ते ठामपणे नाकारलं होतं. विचारलं मात्र कोणीच नव्हतं.

"फक्त सरांनी आत यायला हवं," बाई म्हणाली. "खातं त्यांच्या नावावर आहे ना. देता का सरांना?"

"ते बाहेर आहेत."

"कधी येतील?"

"सांगता येत नाही."

"काही हरकत नाही! मी तक्रार उघडीच ठेवते. रोज फोन करून विचारत जाईन, सर आले का म्हणून."

लेक खोलीबाहेर आली तेव्हा आजोबांचा हात वरच होता. "झालं का माझं?" ते ओरडले. "ऐकू काही येईना, पण हात दुखायला लागला!" डॉक्टरीणबाईंनी आपल्या दारातून दोघांकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. लेकीला तो फार मोठा अपमान वाटला. पण घरी जाताना बसमध्ये ती स्वतःशीच हसत होती. शहर सुखरूप होतं!

हिरवं दुकान नव्या मशीनवर बसलं. खरंच, निळ्याच्या शेजारी मुकाट्याने बसलं. आत जायला बाबांचा पासवर्ड नव्हता, पण नवा मागवता येत होता. त्यासाठी एक कोड बाबांच्या फोनवर येणार होता. आणि फोन आईकडे होता. काम झालंच म्हणायचं! फोन टिणटिणला.

"आई, आकडे वाच."

"नाही."

"म्हणजे?"

"कोड कोणाला सांगायचा नाही," आई फोन छातीशी धरून म्हणाली. "यांनी मला बजावून ठेवलंय. बँकेचा माणूस म्हणाला तरी नाही, पोलीस म्हणाला तरी नाही."

"अगं, मी तुझी मुलगी आहे!"

"तेही म्हणाले होते. लेकीच्या आवाजात फोन येतात म्हणाले."

"फोन नाहीये हा! मी तुझ्यासमोर उभी आहे!"

आईने तिला चष्म्यातून नीट न्याहाळलं. ओळख पटली, पण निर्णय बदलला नाही. "यांनाच नाही सांगितला मी एकदा," आई अभिमानाने म्हणाली. "परीक्षा घेतली माझी. मी पास झाले."

तीन संध्याकाळी असंच झालं. लेकीने विनवलं, चिडली, अबोला धरला, आणि आईने तो अबोला ऐसपैस उपभोगला. रोज सकाळी हिरव्या दुकानाच्या बाईचा फोन यायचा, "आले का सर?" रोज लेक म्हणायची, "अजून नाही." एकदा तर बाईने काळजीने विचारलं, "काही भांडून गेलेत का, मॅडम?" त्यावर लेक म्हणाली, "तसं थोडंसं झालं होतं," आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ नळाखाली हात धरून उभी राहिली.

ही कोंडी फोडायला अध्यक्षच धावले. "सोपं आहे," ते म्हणाले. "त्यांना 'सर' हवेत ना? मी होतो सर. आवाज आमचा एकसारखाच होता, जिन्यात लोक फसायचे."

लेकीने विरोध करायला हवा होता. सुसंस्कृत, खूप वाचन केलेली बाई. खोटेपणाचा तिला तिटकारा. पण शहर तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, फोन आला तेव्हा तिने तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बोलतोय," अध्यक्ष भारदस्तपणे म्हणाले.

"सर! आलात! किती बरं वाटलं. प्रवास कसा झाला?"

"प्रवास उत्तम. जेवणाची सोय मात्र साधारण."

आई खोलीतून उठून गेली. ती रडतेय की हसतेय, हे तिच्या पाठीवरून कळेना.

"सर, फक्त खात्रीसाठी. खातं उघडताना आपण एक प्रश्न निवडला होता. आपला सर्वांत आवडता मार्ग कोणता?"

अध्यक्षांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने खांदे उडवले. अध्यक्षांनी डोळे मिटले आणि गंभीरपणे म्हणाले, "सत्याचा."

पलीकडे कळफलक खडखडला. "चुकलं, सर."

"कष्टाचा?"

"सर, बसचा मार्ग असावा बहुतेक."

"मग स्पष्ट विचारायचं ना!" अध्यक्ष उखडले. "वर्गणी भरणाऱ्या माणसाशी ही काय बोलायची पद्धत?"

फोन कटला. पाठोपाठ संदेश आला: संशयास्पद व्यक्तीने प्रवेशाचा प्रयत्न केल्यामुळे खातं गोठवण्यात आलं आहे. नोंदवलेल्या फोनवर एक शेवटचा कोड पाठवला आहे. आज तो भरला नाही, तर खातं आणि त्यातली सर्व साठवण कायमची पुसली जाईल.

"संशयास्पद!" अध्यक्ष म्हणाले. "मी!" त्यांचा चेहरा असा पडला की लेकीला त्यांच्यावर ओरडताही येईना. तिने पाणी आणून दिलं. मग ती आईच्या खोलीच्या दारात गेली.

"आई, शहर पुसून टाकणार आहेत ते."

"पुसून म्हणजे?"

"सगळं. रस्ते, घरं, बस."

आई वळली. डोळे ओले होते, पण आवाज करडा होता. "पुलाजवळचा थांबासुद्धा? तो मी सांगितला होता यांना. पुलावर म्हातारी माणसं चढत नाहीत, पायथ्याशी थांबा द्या म्हटलं. तेव्हा नाही नाही म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप दिला."

"तोही."

आई उठली. बाबांच्या खुर्चीत बसली, चष्मा पुसला, फोन एका हातात धरला. "सांगणार नाही मी," ती म्हणाली. "कोणाला सांगायचा नाही म्हणाले होते. मी भरायचा नाही, असं काही म्हणाले नव्हते. तिकडे बघा दोघं."

लेक आणि अध्यक्ष आज्ञाधारकपणे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मागे एका बोटाने एकेक आकडा पडत होता, मध्येच "हे कुठं गेलं आता" ऐकू येत होतं. अध्यक्ष पुटपुटले, "काय बाई आहे!" आणि मग आई म्हणाली, "अगंबाई, आले ग सगळे!"

दोघं गर्रकन वळले. नदी होती! घरं होती! दिवे लागत होते, बस वळणं घेत होत्या, थांब्यांवर माणसं चढत होती, उतरत होती, आणि कोणीही ताटकळत नव्हतं. पुलाच्या पायथ्याशी थांबा होता. लेकीने आईचे खांदे धरून तिला गदागदा हलवलं, आईने अध्यक्षांना टाळी दिली, आणि अध्यक्षांनी, आपल्याला माफी मिळाली हे ओळखून, ताबडतोब कारभार हातात घेतला.

"ही बस बघा," पडद्यावर बोट टेकवून ते म्हणाले. "या एका घरापासून निघते, अख्ख्या शहराला वळसा न घालता सरळ इथे, या दवाखान्याशी येते आणि परत. रिकामी. एक माणूस नाही! शुद्ध तोटा आहे हा. बंद करा ही आधी."

"ती बंद करायची नाही," आई म्हणाली. "ती हिच्यासाठी आहे. 'तिला इकडे दोन बस बदलून यावं लागतं,' म्हणायचे. 'खऱ्यात काही करता आलं नाही मला, नोकरीत असून.'"

लेकीने थांब्यावर बोट ठेवलं. बाबांनी थांब्याला नाव दिलं होतं: "लेकीचा दवाखाना". लाल बस तिथे येऊन उभी राहिली, दार उघडलं, नेमकी वाट पाहिली आणि निघाली. लेक बघतच राहिली. ती बस परत येईपर्यंत अध्यक्षांनी पडद्यावरचं आपलं बोट हळूच काढून घेतलं होतं.

टेबलावरचा फोन वाजला. आईने स्पीकर दाबला.

"मॅडम, कोड भरला गेलाय, अभिनंदन!" हिरव्या दुकानाची बाई म्हणाली. "मघाशी कोण होते ते माहीत नाही, पण सर नव्हते नक्की. गेम चालतोय ना आता?"

"चालतोय," लेक म्हणाली. "सुंदर चालतोय. तुमची तक्रार बंद करा."

"करते की. फक्त शेवटी सरांचं 'हो' लागतं. खरे सर कधी येतील, तेवढं सांगा. मी थांबते, घाई नाही."

लेकीने तोंड उघडलं. 'बाहेर आहेत' हे शब्द सवयीने जिभेवर आलेही. पडद्यावरची बस पुन्हा वळण घेऊन तिच्या थांब्याकडे निघाली होती. आईने, न बघता, तिचा हात धरला.

"थांबू नका," लेक म्हणाली. "ते येणार नाहीत. माझे बाबा गेले."